तो हिरवा गूळ माझा होता, अण्णा

अण्णा,

काल दुपारी एक बाई लग्नपत्रिकेचं विचारायला आल्या. पायरीवरूनच त्यांनी आवाज दिला, "अण्णा हायत का?" दस्तगीरमामा मशीनचे रूळ पुसत होते. वर न बघताच ते म्हणाले, "काय छापायचं हाय ते सांगा की. या, बसा." बाई बसल्या, नमुने बघितले, एक पसंत केला आणि तासाभराने गेल्या. तुम्ही आता नाही, हे आम्ही दोघांनीही त्यांना सांगितलं नाही. त्या गेल्यावर मामा म्हणाले, "सांगाय पायजे हुतं व्हय?" मी म्हणाले, "मला नाही आलं सांगता." मग मामा पुन्हा रूळ पुसायला लागले. ते आधीच पुसून झाले होते.

तीन आठवडे झाले. मंगळवार पेठेतली आपली प्रेस चालू आहे. खाली मामा छापतात, वर माडीवरच्या खोलीत मी डिझाइन करते, आणि मशीनचा आवाज फळ्यांमधून वर येतो तो पूर्वीसारखाच. पहिल्या आठवड्यात तो आवाज नकोसा झाला होता. आता बरा वाटतो.

तुमच्यावर काहीतरी लिही, असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. जन्म, शिक्षण, व्यवसाय, मागे कोण कोण, हे सगळं पेपरात येऊन गेलं आहे. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला एक गोष्ट सांगायची आहे. ती तुम्हाला माहीत होती, मामांना माहीत आहे, मला माहीत आहे. अलीकडे आणखी एकाला कळली. बाकी कोल्हापूरला माहीत नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला असलं तरी ते सगळ्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे.

पण आधी थोडं मागचं बोलते. एकदम त्या गोष्टीवर यायला मला अजून जमत नाही.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. कुरुंदवाडहून एसटीने येऊन-जाऊन शिकत होते. आमच्या घरात चार म्हशी, वडील सकाळी दूध घालून यायचे, आई शेणी थापायची. कॉलेजची पायरी चढलेलं घरात माझ्याआधी कोणी नव्हतं. मी जाहिरातकला शिकते म्हणजे नेमकं काय करते, हे मी घरी तीन वर्षं समजावत होते. शेवटी वडिलांनी 'पोरगी बोर्ड रंगवायला शिकतीया' असं ठरवून टाकलं आणि दुधाच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते अभिमानाने सांगितलं.

परीक्षेसाठी केलेलं एक निमंत्रणपत्र मला छापून हवं होतं. लॅपटॉप मैत्रिणीचा होता. पडद्यावर मोरपिशी निळा इतका झळकत होता की माझं मलाच कौतुक वाटत होतं. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून बघितलंत.

"गाव कुठलं?"

"कुरुंदवाड."

"मग ऐक कुरुंदवाड, ह्यो निळा तुझ्या पडद्यात हाय. माझ्या डब्यात न्हाय."

तुम्ही मला मशीनजवळ नेलंत आणि शाईचे चार डबे उघडून दाखवलेत. निळा, किरमिजी, पिवळा, काळा. "जगातलं समदं ह्या चौघातनं काढायचं असतंय. पडद्याच्या मागं दिवा हाय. कागदाच्या मागं काय हाय? त्याला झेपंल तेवढंच माग." हे कॉलेजात शिकवलं नव्हतं असं नाही. पण कॉलेजात ते फळ्यावरचं वाक्य होतं. तुम्ही माझं बोट निळ्या शाईत बुडवून कागदावर टेकवलंत, तेव्हा पडदा आणि कागद यांच्यातलं अंतर मला डोळ्यांनी दिसलं. शाई चार दिवस बोटाची गेली नाही. आई म्हणाली, "मतदान करून आलीस व्हय गं?"

त्या दिवसापासून तुमच्या तोंडी माझं नाव कुरुंदवाड. माझं खरं नाव तुम्हाला ठाऊक आहे की नाही याची मला शंकाच होती. एकदा कसल्याशा कागदावर माझी साक्षीदार म्हणून सही लागणार होती, तेव्हा तुम्ही मामांच्या कानाला लागून विचारलंत, "हिचं नाव काय रं?" ते मी ऐकलं होतं. तुम्हाला कधी बोलले नाही.

तुम्ही शिकवलेलं मी किती ठिकाणी वापरते याचा हिशेब माझ्याकडे नाही. घडीचं पत्रक करायचं तर संगणकाला हात लावण्याआधी मी कोरा कागद घेते, हाताने घडी घालते, आणि आत जाणारा पदर दोन मिलिमीटर कमी ठेवते, नाहीतर तो आत जाऊन दुमडतो. रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तर कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर जास्त नेते, कारण, तुमच्या शब्दांत, "कटिंगवाला देव न्हाय, केसभर इकडंतिकडं हुणारच." बारीक अक्षर नुसत्या काळ्यातच ठेवते. एकदा मी एका दवाखान्याच्या पत्रकातला मजकूर चारही रंग मिसळून केलेल्या काळ्यात दिला होता. कागद केसभर हलला आणि प्रत्येक काना-मात्रेला सावली पडली. तुम्ही ते पत्रक हातभर लांब धरून म्हणालात, "हे वाचून माणूस डोळ्याच्या डॉक्टरकडं जाईल. आन हा दवाखाना हाडाचा हाय."

आणि माझ्या चुलतबहिणीची ती पत्रिका! माझ्या हातची घरातली पहिली. मी तिला मखमलीसारखं गुळगुळीत लॅमिनेशन करायचं ठरवलं. तुम्ही एकदाच विचारलंत, "देवाफुडं ठेवणार न्हवं ही?" मी म्हणाले, "हो, मग?" तुम्ही पत्रिका छापून दिलीत. आईने देवापुढे पहिली पत्रिका ठेवली, चार कोपऱ्यांना हळदी-कुंकू लावलं, आणि ते त्या गुळगुळीत कागदावरून घसरून नवरा-नवरीच्या नावांवर पसरलं. आईचा फोन आला. "अगं, हिला कुकू बी धरंना. कसली पत्रिका म्हणायची ही?" दुसऱ्या दिवशी मी रडकुंडीला येऊन तुमच्याकडे आले तेव्हा तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. तेव्हापासून आपल्या प्रेसमधून जी पत्रिका जाते तिला लॅमिनेशन नसतं. वार्निश केलंच तर चार कोपरे कोरे सोडून. बाहेरगावचे डिझायनर विचारतात, हे कोपरे का सोडलेत. मी सांगते, कुंकवासाठी. त्यांना वाटतं मी चेष्टा करते आहे.

पत्रिकेतली नावं वाचायची नाहीत, मोजायची, हेही तुमचंच. वाचताना डोळा ओळखीचं नाव आपोआप भरून घेतो. घरच्यांच्या कागदावर चुलते सात असतील तर छापलेल्यात सात आहेत का, ते बोट ठेवून मोजायचं. "एक चुलता ऱ्हायला की मांडवात भांडणं. आपण छापतोय पत्रिका, आन फोडतोय भाऊबंद." आणि फोन नंबर छापण्याआधी तो लावून बघायचा. मी एकदा लावला तर पलीकडून सांगलीचा कोणी माणूस म्हणाला, "न्हाय बाई, माझं लगीन हून ईस वर्सं झाली."

वादही कमी झाले नाहीत आपले. गिऱ्हाइकाला प्रूफ मोबाइलवर पाठवायचं की कागदावर दाखवायचं, यावर आपण किती वर्षं भांडलो! मी म्हणायचे, "अण्णा, माणूस गडहिंग्लजला आहे, इथं कसा येणार?" तुम्ही म्हणायचात, "एसटी बंद पडली व्हय?" मी म्हणायचे, काळ बदलला. तुम्ही म्हणायचात, कागद न्हाय बदलला. तो वाद तसाच राहिला. आजही मी मोबाइलवर पाठवते. पण मजकुरापुरतं. रंगासाठी नाही.

रंगाचं कारण वेगळं आहे.

तुम्ही जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण आटोपायचं हा घरचा नियम, तो तुम्ही कधी मोडला नाहीत. त्याला जोडून तुमचा दुसरा एक नियम होता. मशीनवरून आलेला पहिला कागद दारात नेऊन दिवसाच्या उजेडातच बघायचा, आणि दिवस मावळल्यावर रंग पास करायचा नाही. नव्या लोकांना वाटायचं हाही धर्माचाच भाग आहे. तुम्ही म्हणायचात, "जेवण आन रंग, दोन्ही उजेडात. एकाला शास्त्र हाय, दुसऱ्याला डोळं हायत." आधी मलाही तो हट्ट वाटायचा. मी पदवी घेतली होती. मला वाटायचं, मला रंग कळतो.

आता मी त्या गोष्टीवर येते.

नऊ वर्षं झाली. मी पास होऊन तुमच्या माडीवर नुकतीच खोली मांडली होती. तुमचे एक मित्र होते, रावसाहेबकाका, गुळाचे व्यापारी. तुम्ही दोघं मूळचे हातकणंगल्याचे, शाळेत एका बाकावरचे, आणि पुढे कोल्हापूरला शिकायला एकाच पॅसेंजरने येणारे. ते रोज मार्केट यार्डातून घरी जाताना आपल्या पायरीवर टेकायचे. बोलणं म्हणजे एकमेकांना टोमणेच.

"अजून चालतंय व्हय रं तुझं भंगार?"

"चालतंय की. तुझ्या गुळापरास कमी चिकट हाय."

"मग पेपर कशाला चिकटत्यात एकमेकाला?"

"तू हात लावलास म्हणून."

त्यांना एक किलो गुळाचे पुठ्ठ्याचे डबे करायचे होते. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचा सौदा असतो, तेव्हा ते पहिल्यांदा यार्डात मांडायचे होते. तुम्ही सांगितलंत, "डबा ही करंल." रावसाहेबकाका माझ्याकडे बघून म्हणाले, "ही? हिला गूळ खायचा म्हाईत असंल. दाखवायचा म्हाईत हाय का?" तुम्ही म्हणालात, "बघ की."

माझं पहिलं स्वतंत्र काम. मी गुऱ्हाळावर जाऊन आले, ढेपेचे फोटो काढून घेतले, केशरीकडे झुकणारा पिवळा कसा धरायचा याचे पाच-सहा प्रयोग केले. छपाईच्या वेळी तुम्ही भावाकडच्या कार्याला तीन दिवस हातकणंगल्याला गेला होतात. जाताना सांगितलंत, "पयला कागद सकाळी बघा. घाई नको."

तो कागद मशीनवरून आला तेव्हा दिवस मावळला होता. तपासायच्या टेबलावरची ट्यूब दोन दिवसांपूर्वी गेली होती, तिच्या जागी मामांनी जुना पिवळा बल्ब लावला होता. मामा म्हणाले, "ताई, सकाळी बघूया. अण्णा वरडत्यात." मी म्हणाले, "मामा, सकाळी डबे कापायला पंचिंगवाल्याकडे गेले पाहिजेत. मला कळतो रंग." तुम्ही परत यायच्या आत डबे यार्डात पोहोचलेले असावेत, तुम्ही बघून खूश व्हावं, असं माझ्या मनात होतं. घाईचं दुसरं काही कारण नव्हतं. पाडव्याला अजून सहा दिवस होते.

पिवळ्या बल्बखाली कोरा कागदसुद्धा पिवळा दिसतो. त्यामुळे त्यावर छापलेला पिवळा फिका वाटतो, आणि लाल उगीचच भडक वाटतो. तो लाल कमी केला की पिवळ्यात मिसळलेला निळा वर येतो आणि रंग हिरवट होतो. हे आता मी कुणालाही समजावून सांगू शकते. त्या संध्याकाळी मी म्हणाले, "लाल कमी करा. पिवळा वाढवा." मामांनी दोनदा विचारलं, "नक्की?" मी दोनदा हो म्हणाले आणि कागदावर सही केली. मामांनी त्याच बैठकीत सगळं काम छापलं.

सकाळी मी कुरुंदवाडला गेले होते, दिवाळीचं सामान आईला द्यायला. मामांचा फोन आला. "ताई, उजेडात जरा हिरवट मारतंय बघा." आणि मी काय म्हणाले, अण्णा? "वार्निश झालं की बरं दिसेल." वार्निशने रंग बदलत नाही हे मला माहीत होतं. पण परत छापायला सांगणं म्हणजे चूक झाली असं म्हणणं, आणि ते मला जमलं नाही.

तुम्ही परत आलात त्याच सकाळी रावसाहेबकाका डबा हातात घेऊन प्रेसमध्ये आले. मी जिन्यात उभी होते.

"भूपाल, ह्यो गूळ हाय का शेवाळ?"

तुम्ही डबा घेतलात, दारात नेलात, आणि बराच वेळ बघत राहिलात.

"यार्डात समदी हसाय लागल्यात. गुळाला बुरशी आलीया म्हणत्यात. मी काय सांगू त्यास्नी?"

"चूक माझी हाय," तुम्ही म्हणालात. "मशीन सोडून गेलतो मी. नवं करून देतो."

"परवा पाडवा हाय! नवं कवा, फुडच्या पाडव्याला?"

"चूक माझी हाय, रावसाहेब."

माझी सही असलेला कागद टेबलावर होता, तुमच्या कोपराखाली. तुम्ही कोपर हलवलं नाही. रावसाहेबकाका पायरीवर बसले नाहीत. तसेच गेले.

नवे डबे पाडव्यानंतर झाले. ते न्यायला त्यांनी गडी पाठवला. त्यानंतर त्यांचं एकही काम आपल्याकडे आलं नाही, आणि तेही आले नाहीत.

ते गेल्यावर मी तुमच्यापुढे उभी राहून म्हणाले, "मी जाऊन सांगते त्यांना." तुम्ही म्हणालात, "आज न्हाय. आज सांगितलंस तर यार्डात तुला कोण काम देणार न्हाय. तुझं नाव अजून व्हायचं हाय. माझं झालंय, त्याला काय हुतंय?"

"मग कधी सांगू?"

"तुला जमंल तवा. मी सांगणार न्हाय कुणाला."

ते मला नऊ वर्षं जमलं नाही. पहिलं वर्ष भीती होती. नंतर कामं यायला लागली, त्यातही यार्डातलीच जास्त, आणि मग वाटायला लागलं की आता कशाला उकरायचं. तुमच्या नावाला मात्र काहीतरी झालं. "अण्णाकडं देतोस व्हय? बघ, हिरवा गूळ करून देईल" अशी यार्डात चेष्टाच रूढ झाली. तुमच्या तोंडावरही लोक ती करायचे आणि तुम्ही त्यांच्याबरोबर हसायचात. पण संध्याकाळी यार्ड सुटायच्या वेळेला तुम्ही हातातलं काम ठेवून दारात जाऊन उभे राहायचात, हे मी माडीवरून बघितलं आहे. एकदा मी धीर करून विचारलं, "रावसाहेबकाका या वाटेनं जात नाहीत का आता?" तुम्ही म्हणालात, "गुडघं दुखत असतील."

यंदा मी ती पुस्तिका करायला घेतली. नव्या डिझायनर मुलामुलींसाठी, छपाईला फाईल देण्याआधी काय काय बघायचं याची बत्तीस पानं. मी नियम लिहून आणले. तुम्ही दोन पानं वाचलीत आणि बाजूला ठेवलीत. "नियम कुणीबी लिहितंय. ते वाचून कोण शहाणं झालंय? चुका लिही. कुणाची झाली, कशी झाली, मग काय केलं." मी म्हणाले, "अण्णा, चुका वाचून लोक आपल्याला काम देतील का?" "जे वाचूनबी देतील, तेच खरं गिऱ्हाईक."

म्हणून मी चुका लिहिल्या. कुंकवाची पत्रिका, हाडाचा दवाखाना, सांगलीचा फोन. अकरा झाल्या. तुम्ही सगळ्या वाचल्यात, हसलात, एका ठिकाणी मला दुरुस्ती सांगितलीत. शेवटचं पान मिटवून विचारलंत, "आन गुळाचं?"

मी म्हणाले, "बघू."

तुम्ही मान हलवलीत आणि घड्याळाकडे बघून जेवायला उठलात. त्या बोलण्याला पाच दिवस झाले आणि तुम्ही गेलात. तुम्ही रागावला नव्हतात, एवढं मला नक्की माहीत आहे. रागावला असतात तर बरं झालं असतं.

तुमच्या घरी लोक भेटायला येत होते. तिसऱ्या दिवशी यार्डातली काही माणसं आली, त्यांत रावसाहेबकाकाही होते, भिंतीला टेकून बसलेले. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, "लई चांगला माणूस. पर त्यो हिरवा गूळ काय कोण इसरणार न्हाय." सगळे हळूच हसले, अशा घरात हसतात तेवढंच. रावसाहेबकाका हसले नाहीत. उठून बाहेर गेले. मी तिथेच बसले होते, त्या माणसापासून दोन हातांवर. मी काही बोलले नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की मी एकदाच गप्प बसले होते, फार पूर्वी, लहान असताना. त्या दिवशी मी चौतीस वर्षांची होते.

पुढच्या आठवड्यात मी यार्डात गेले. रावसाहेबकाका गोदामात ढेपा उतरवून घेत होते. मी म्हणाले, "काका, तो डबा मी पास केला होता. पिवळ्या बल्बखाली. सही माझी होती. अण्णा हातकणंगल्याला होते, आणि त्यांनी सकाळी बघा म्हणून सांगितलं होतं."

"कंचा डबा?"

"हिरवा."

त्यांनी गड्यांना हाताने थांबवलं.

"आन त्यो गप बसला?"

"हो."

"आन तू?"

"मीपण."

ते पोत्यावर बसले. ते ओरडतील अशी तयारी करूनच मी गेले होते. पण ते ओरडले नाहीत.

"नऊ वर्सं त्या दारावरनं गेलो न्हाय मी. लांबनं वळसा घालून घरला जातोय. मला वाटलं, माझं काम म्हणून त्यानं कसंबी केलं. दोस्त हाय, चालतंय, म्हणून." मग म्हणाले, "आता सांगून मी काय करू? कुणाला जाऊन भेटू?"

गडी ढेपा घेऊन तसेच उभे होते.

"जा आता," ते म्हणाले. "माल उतराय लागलाय."

परत आल्यावर मी बारावी चूक लिहिली. माझ्या नावासकट, मामांच्या त्या फोनसकट. पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, एक पान नुसतं वाढवता येत नाही, म्हणून शेवटचं 'लेखिकेविषयी' हे पान काढलं. त्यात मी आमच्या घरातली पहिली पदवीधर वगैरे लिहिलं होतं. तिथे हे आलं. अजून चार ओळींची जागा उरली होती. तिथे तुमच्यासाठी काहीतरी लिहायचं असा माझा विचार होता, पण जे लिहिलं ते सगळं खोटं वाटत होतं. मी खोडत राहिले.

परवा रावसाहेबकाका प्रेसमध्ये आले. न सांगता. पायरी चढताना गुडघ्यावर हात ठेवून चढले. खरंच दुखतात, अण्णा. मामांनी पुढे केलेल्या स्टुलावर बसले आणि इकडेतिकडे बघत राहिले, मशीनकडे, शाईच्या डब्यांकडे, जिन्याकडे.

"पुस्तक करालीस म्हणं. दस्तगीर सांगत हुता. त्यातलं आमचं पान वाच."

मी वाचलं. उभ्यानेच. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"एवढंच?"

"हो."

"ह्यात चुका दोन हायत. तू एकच लिहिलीस." त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "खाली जागा हाय का?"

"चार ओळी."

"बास. लिही."

आणि त्यांनी सांगितलं, थांबत थांबत, मी लिहून घेतलं: 'माझी चूक. चाळीस वर्सं वळख हुती. त्यानं चूक माझी म्हटलं आन मी खरं मानलं. त्यो तसं काम करणार न्हाय, हे मला ठावं असाय पायजे हुतं. एकदा येऊन इचाराय पायजे हुतं. इचारलं न्हाय. रावसाहेब, गुळाचे व्यापारी.'

मामा मशीनपाशी पाठ करून उभे होते. मी ते परत वाचून दाखवलं. बाकीची पुस्तिका पुस्तकी मराठीत आहे, म्हणून मी विचारलं, "काका, हे जरा लिहायच्या भाषेत करून घालू का?"

"नको," ते म्हणाले. "त्याला कळंल असंच ऱ्हाऊ दे."

तसंच ठेवलं आहे, अण्णा. आज सकाळी त्या पानाची प्लेट छपाईसाठी मशीनवर लागली.